फोक्सवॅगन एंजिन, वायुशीतित
फोक्सवॅगन ‘बीटल’ या जर्मन मोटारगाडीसाठी बनविलेले चार सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन. फेर्डिनांट पोर्शे यांच्या स्टुटगार्ट येथील कार्यालयात १९३०–४० या दशकात त्याचा आराखडा तयार झाला. त्याची रचना मुख्यत्वे फ्रांट्स राइमश्पीस यांची होय.

रचना : या एंजिनात भुजादंडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सिलिंडर समोरासमोर आडवे असतात. त्यामुळे दट्ट्यांच्या हालचालींतून निर्माण होणारी प्रेरणा परस्परांना बव्हंशी संतुलित करते. सिलिंडरांभोवती धातूचे पातळ पाखे असून पट्ट्याने फिरणारा पंखा त्यांवर हवेचा झोत सोडतो. पाणी नसल्यामुळे ते थंडीत गोठण्याचा वा चढावर उकळण्याचा प्रश्न उद्‌भवत नाही. गाडीच्या मागील भागात चार बोल्टांनी बसविलेले हे एंजिन दुरुस्तीसाठी सहज उतरविता येते.

विकास : प्रारंभी एंजिनाचे घनफळ ९८५ घ. सेंमी. व शक्ती सु. २४ अश्वशक्ती होती. दुसऱ्या महायुद्धकाळात सिलिंडरांचा व्यास ७० मिमी.वरून ७५ मिमी. करण्यात आला व घनफळ १,१३१ घ. सेंमी. झाले. १९५४ च्या सुमारास ते १,१९२ घ. सेंमी. (३० अश्वशक्ती) झाले. १९६० मध्ये जवळजवळ नव्याने आखलेल्या त्याच घनफळाच्या एंजिनाने ३४ अश्वशक्ती दिली. दट्ट्याची धाव ६४ मिमी.वरून ६९ मिमी. करून १९६५ मध्ये १,२८५ घ. सेंमी.चे, तर पुढे व्यास वाढवून १९६६ मध्ये १,४९३ व १९७० मध्ये १,५८४ घ. सेंमी.चे (५० अश्वशक्ती) एंजिन काढण्यात आले.

मर्यादा : शक्तीबरोबर उष्णताही वाढली. वंगण तेल थंड करणारे साधन हवेच्या मार्गातच असल्याने त्यामागील तिसऱ्या सिलिंडरास तुलनेने कमी व तापलेली हवा मिळे आणि त्याची निष्कास झडप जळण्याचा धोका अधिक असे. १९७० मध्ये हे साधन मुख्य हवामार्गाबाहेर हलवून हा दोष बराच कमी करण्यात आला. मात्र वायुशीतित एंजिनाचे तापमान स्थिर राखणे अवघड असते. त्यामुळे निष्कास वायूंसंबंधीचे कडक होत गेलेले नियम पाळणे या रचनेस जड गेले. मेक्सिकोत १९९० नंतर कार्बुरेटरऐवजी इंधन अंतःक्षेपणाचा अवलंब करण्यात आला. तेथील प्वेब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी अखेरची मूळ बीटल तयार झाली. ब्राझीलमधील ‘कोंबी’ या वाहनात मात्र हे एंजिन २००५ च्या अखेरपर्यंत बसविले जात होते.