‘रक्त पातळ करणारी गोळी’ : दंतचिकित्सेतील एका शब्दप्रयोगाचा विचार

दंतवैद्याने ‘काही औषध चालू आहे काय?’ असे विचारले असता रुग्ण पुष्कळदा ‘नाही’ म्हणतो आणि मागाहून ‘रक्त पातळ करायची गोळी तेवढी घेतो’ अशी पुस्ती जोडतो. पहिले उत्तर लबाडीचे नव्हे. बोलीव्यवहारात ‘औषध’ हे आजारपणात काही दिवस घ्यावयाचे असते. नित्याची ‘गोळी’ दिनक्रमाचा भाग होऊन त्या शब्दाच्या कक्षेबाहेर पडते. अर्थकक्षांचा असा भेद भाषाभ्यासकास नवा नाही. परंतु येथे तो प्राणावर बेतू शकतो.

‘रक्त पातळ करणे’ हे मुळात रूपक होय. या गोळ्यांनी रक्ताचा दाटपणा घटत नाही, गोठण्याची क्रिया मंदावते. शिवाय हे एकच नाव दोन भिन्न वर्गांना लावले जाते. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल रक्तबिंबिकांना एकत्र येऊ देत नाहीत. वॉरफरिन व ॲसिनोकुमेरॉल ‘के’ जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणून रक्त गोठविणाऱ्या घटकांची निर्मिती रोखतात. वॉरफरिन हे नाव विस्कॉन्सिन येथील एका संशोधन-प्रतिष्ठानाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले. १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आलेल्या या द्रव्यास १९५४ मध्ये मानवी उपचारासाठी मान्यता मिळाली. अशा नावातून रुग्णास काहीच बोध होत नाही. म्हणून तो परिणामावरून स्वतःचे नाव घडवितो.

या संदिग्धतेचा धोका कोठे आहे? दाताच्या जंतुसंसर्गावर मेट्रोनिडाझोल वारंवार दिले जाते. वॉरफरिनच्या अधिक प्रभावी अंशाचे विघटन यकृतातील ज्या विकरामुळे होते, त्याच्या कार्यास मेट्रोनिडाझोल प्रतिबंध करते. परिणामी गोळीची मात्रा तीच राहूनही तिचा प्रभाव वाढतो आणि गंभीर रक्तस्राव संभवतो. रुग्ण ॲस्पिरिन घेत असल्यास हा विशिष्ट धोका नसतो. वेदनेसाठी दिलेले आयबुप्रोफेन मात्र दोन्ही वर्गांशी मिळून रक्तस्रावाचा संभव वाढविते. तात्पर्य, ‘पातळ करणारी गोळी’ एवढ्या माहितीवर निर्णय करता येत नाही.

उलट दिशेची चूकही तितकीच घातक आहे. दात काढावयाचा म्हणून रुग्ण आपण होऊन गोळी बंद करतो आणि रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात ओढवू शकतो. साध्या दंतोत्पाटनासाठी वॉरफरिन सामान्यतः थांबवीत नाहीत. ‘आयएनआर’ ही रक्तचाचणी अगोदर करून जखमेवर स्थानिक उपाय योजतात. थांबविणे आवश्यक वाटल्यास तो निर्णय मूळ चिकित्सकाचा होय.

यावरून प्रश्नाची रचना बदलणे अगत्याचे ठरते. ‘औषध’ या एका सामान्यनामावर विसंबू नये. ‘रोज कोणत्या गोळ्या घेता? बीपीची, शुगरची, हृदयाची? अधूनमधून दुखण्यावरची? काढा वा चूर्ण?’ असे रुग्णाच्याच शब्दांत विचारावे आणि गोळ्यांची पाकिटे समक्ष पाहावीत. रुग्णाचा शब्द व औषधाचे नाव यांतील अंतर भरून काढण्याची जबाबदारी विचारणाऱ्याची आहे; वेदनेने व्याकूळ झालेल्या रुग्णाची नव्हे.