जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर घेताना

१९८० आणि ९० च्या दशकांत आपल्याकडची लग्ने, मुंजी, बारशी आणि गल्लीतला गणपती व्हीएचएस कॅसेटवर उतरले. आज त्या कॅसेट कपाटात आहेत, पण लावायच्या कशावर? व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी समजल्या जाणाऱ्या जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. शिवाय बेळगावच्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरते. म्हणून हे काम पुढे ढकलू नये, असे आम्हाला वाटते.

आधी कॅसेटच्या खिडकीतून टेप पाहावी. पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. हेड खराब होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी. चांगल्या कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडून टाकावी, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही.

मग चालू स्थितीतला व्हीसीआर, यूएसबी कॅप्चर यंत्र आणि लॅपटॉप एवढे पुरते. पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. भारतातल्या कॅसेट पाल पद्धतीच्या असतात, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये पाल, ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ चित्रे ही निवड करावी. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी असते. तिला दोन्ही पद्धती चालणारा व्हीसीआर लागतो. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात, त्यात घाई चालत नाही.

संपादन करायचे असेल तर कॅप्चर करतानाच फाइल फार दाबू नये. डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. म्हणजे तीन तासांच्या २० कॅसेटना साधारण ८०० जीबी. १ टीबीच्या डिस्कमध्ये सगळे मावते. ही मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी, कापाकापी तिच्या प्रतीवर करावी आणि नातेवाइकांना पाठवायला छोटी एमपी४ फाइल काढावी. आम्ही बँकेतली माणसे, एका प्रतीवर विसंबत नाही. दुसरी डिस्क मुलीच्या किंवा भावाच्या घरी ठेवावी.

कोणती कॅसेट आधी घ्यावी? जिच्यातली माणसे ओळखणारे आता एक-दोघेच उरले आहेत, ती. काही वर्षांनी चित्र स्वच्छ दिसेल, पण मांडवात अक्षता वाटणारी ती बाई कोण, हे सांगायला कोणी नसेल. म्हणून फाइल तयार झाली की घरातल्या आजी-आजोबांना शेजारी बसवावे आणि मिनिट-सेकंद लिहून प्रत्येकाचे नाव, नाते, गाव वहीत नोंदवावे. फाइलच्या नावातही वर्ष आणि प्रसंग घालावा. टेप संगणकावर घेण्याइतकेच हे काम मोलाचे आहे आणि त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.