उत्पादन अभियंता : काम आणि संधी

बंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरी ही प्रामुख्याने निवासी वस्ती. येथून मेट्रोच्या हिरव्या मार्गाने निघालेली गाडी शहर ओलांडून थेट पीण्या औद्योगिक वसाहतीपर्यंत जाते. तेथे यंत्रांचे सुटे भाग, साचे आणि अवजारे घडवणारे असंख्य लहानमोठे कारखाने आहेत. उत्पादन अभियंत्याचे कार्यक्षेत्र ते हेच.

एखाद्या भागाचा आराखडा दुसरा कोणी तयार करतो. तो भाग कोणत्या यंत्रावर, कोणत्या क्रमाने, किती वेळात व किती खर्चात घडवावा, हे उत्पादन अभियंता ठरवतो. समजा, एक दांडा कातण्यास चार मिनिटे लागतात. यंत्र आठ तास अखंड चालले, तर १२० दांडे तयार होतील. दांडा पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरमध्ये सुधारणा करून प्रत्येकी अर्धे मिनिट वाचवले, तर तेवढ्याच वेळात १३७ दांडे होतात. नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. कारखानदाराला असा माणूस हवा असतो, तो यासाठीच. अर्थात वेगाच्या भरात माप चुकले, तर सारा माल परत येतो.

बंगळुरूत या कामाची परंपरा जुनी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना उभारला. १९४६ मध्ये किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि १९५३ मध्ये यंत्रे बनवणारी एचएमटी आली. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला; कारखाने कायमचे नसतात, हेही येथे दिसते. मात्र यंत्रावर बसलेला हात दुसऱ्या कारखान्यातही उपयोगी पडतो. जवळच्या बिडदी येथे टोयोटा किर्लोस्करच्या मोटारी १९९९ पासून तयार होत आहेत.

शाळा मध्येच सुटलेल्यांसाठीही ही वाट बंद नाही. दहावीला गणित व विज्ञान हे विषय घेणे मात्र आवश्यक समजावे. त्यानंतर आयटीआयमध्ये टर्नर किंवा मशिनिस्टचे शिक्षण घेता येते. १९६१ च्या कायद्यान्वये शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतनही मिळते. तीन वर्षांची पदविका घेतल्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय आहे. प्रवेशाच्या अटी राज्यागणिक वेगळ्या असल्याने त्या आधी पाहाव्यात.

पहिली नोकरी बहुधा अभियंत्याची नसते. पाळ्या बदलतात, दिवसभर उभे राहावे लागते. लहान कारखान्यात वेतन बेताचे असते; पण तेथे एकाच व्यक्तीला आराखडा वाचणे, सीएनसी यंत्राला आज्ञावली देणे आणि मायक्रोमीटरने माप तपासणे ही तिन्ही कामे करावी लागतात.