एका मताचे मोल : मिड सफोकच्या निवडणुकांचा इतिहास

विद्यार्थिमित्रहो, गेल्या सत्रात वर्गनायकाची निवड झाली, त्या दिवशी पाच विद्यार्थी मैदानावरच रेंगाळत राहिले. कारण विचारता त्यांतील एकाने उत्तर दिले, "सर, माझ्या एका मताने काय व्हावयाचे आहे?" निवड मात्र अवघ्या दोन मतांनी ठरली. हाच प्रश्न पुष्कळदा वडील माणसेही विचारतात, हे आम्ही जाणतो. म्हणून केवळ उपदेश करण्यापेक्षा एका लहानशा संस्थेचा इतिहास आपल्यापुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले. ही संस्था म्हणजे इंग्लंडातील मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिल होय.

इंग्लंडच्या पूर्वेस सफोक नावाची काउंटी आहे. तिच्या मध्यभागी शेतीवाडीचा आणि लहान लहान खेड्यांचा हा मुलूख पसरला आहे. स्टोमार्केट हे त्यातील मुख्य गाव. २०२१ च्या खानेसुमारीत येथील लोकसंख्या सुमारे १,०२,७०० भरली. 'डिस्ट्रिक्ट' हा शब्द ऐकून आपल्याकडील जिल्हा डोळ्यांपुढे आणू नये. लोकसंख्येने हा प्रदेश आपल्या एखाद्या तालुक्याएवढाच आहे. शाळा व रस्ते यांची जबाबदारी काउंटी कौन्सिलकडे असते. घरे बांधण्यास परवानगी देणे, केरकचरा उचलणे, गरजूंना भाड्याची घरे पुरविणे, मतदारांची यादी ठेवणे ही कामे डिस्ट्रिक्ट कौन्सिलची. कामे साधी खरी. परंतु घराच्या उंबरठ्याशी ज्याचा रोज संबंध येतो, असा हा कारभार आहे.

हा कारभार रयतेच्या हाती सहजासहजी आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या खेड्यांतील आरोग्यव्यवस्था गरिबांच्या साहाय्यासाठी नेमलेल्या मंडळांकडे होती. या मंडळांच्या निवडणुकीत मालमत्तेच्या मानाने मते मिळत. मोठ्या जमीनदारास सहापर्यंत मते देता येत. तो मालक असून स्वतः भोगवटाही करीत असेल, तर बारापर्यंत! अशा जमीनदाराच्या मतांपुढे लहान भाडेकऱ्याचे एक मत कितीसे टिकणार? १८९४ च्या कायद्याने ही अनेक मतांची पद्धत मोडली आणि शहरी व ग्रामीण डिस्ट्रिक्ट कौन्सिले स्थापन केली. त्याच कायद्याने स्त्रियांना, विवाहित स्त्रियांनासुद्धा, या कौन्सिलांवर निवडून येण्याची मोकळीक मिळाली. पार्लमेंटच्या निवडणुकीत स्त्रियांना मत मिळाले ते त्यानंतर २४ वर्षांनी, १९१८ साली, आणि तेही प्रथम तीस वर्षांवरील काही स्त्रियांनाच. म्हणजे मोठ्या दाराआधी लहान दार उघडले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे १९७२ साली स्थानिक राज्यकारभाराचा नवा कायदा झाला. त्यान्वये आय हे जुने बरो, स्टोमार्केटचा शहरी विभाग व तीन ग्रामीण विभाग एकत्र करून मिड सफोक डिस्ट्रिक्ट बनविण्यात आले. पहिली निवडणूक १९७३ साली झाली व १ एप्रिल १९७४ पासून कौन्सिलने कारभार हाती घेतला. अलीकडे सर्व जागांची निवडणूक दर चार वर्षांनी एकाच वेळी होत आली आहे. काही विभागांतून एक, तर काहींतून दोन सभासद निवडले जातात. ज्यास अधिक मते पडतात तो निवडून येतो.

आता अलीकडील तीन निवडणुकांचे आकडे पाहू. २०१५ साली ४० जागांपैकी हुजूर पक्षास २९ मिळाल्या, हरित पक्षास केवळ ५. २०१९ साली एकंदर जागा ३४ करण्यात आल्या. त्यांत हुजूर पक्षाचे १६, हरित पक्षाचे १२ व उदारमतवादी लोकशाही पक्षाचे ५ सभासद आले, आणि कोणासही बहुमत लाभले नाही. मे २०२३ मध्ये तर हरित पक्षाने २४ जागा जिंकल्या. हुजूर पक्षाकडे ६ व उदारमतवाद्यांकडे ४ उरल्या. ब्रिटनमधील कोणत्याही कौन्सिलात हरित पक्षास पूर्ण बहुमत मिळाल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

कोणता पक्ष बरा हे सांगणे आमचे काम नव्हे. आम्हांस मोल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. आठ वर्षांपूर्वी ज्यांचे पाच सभासद होते, त्यांनी हताश होऊन घर गाठले नाही. आणि ज्यांचे एकोणतीस होते, त्यांनी पराभव होताच सत्ता सोडून दिली. हरणाऱ्याने चिकाटी धरावी व पूर्वी जिंकलेल्याने वेळ येताच बाजूस व्हावे, या दोन गुणांवाचून कोणतीही निवडणूक निरर्थक होय.

या मतदारांपुढे २०११ साली आणखी एक प्रश्न आला होता. शेजारचे बाबर्ग डिस्ट्रिक्ट व मिड सफोक यांचे एकीकरण करावे काय? मिड सफोकने होकार दिला, बाबर्गने नकार. एकाच्या नकाराने एकीकरण राहिले. तथापि खर्च वाचावा म्हणून दोघांनी नोकरवर्ग सामाईक केला. पुढे २०१७ साली दोन्ही कचेऱ्या इप्सविच शहरातील एकाच इमारतीत गेल्या. हे शहर या दोन्हींच्या हद्दीबाहेर आहे, हे विशेष!

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. दोन उमेदवारांस समसमान मते पडल्यास इंग्लंडचा कायदा चिठ्ठी टाकून निकाल लावावयास सांगतो. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल, त्यास एक मत अधिक पडले असे मानतात. ही केवळ कागदावरची तरतूद नव्हे. २०१७ साली उत्तरेकडील नॉर्थम्बरलंड काउंटीत एका जागेवर असाच प्रसंग आला. तेथे काड्या ओढून निकाल लावला व हुजूर पक्षाचा उमेदवार हरला. त्या पक्षास ६७ पैकी ३३ जागा मिळाल्या. बहुमतास एकच कमी पडली. त्या विभागात घरी बसलेल्या एकाही मतदाराने बाहेर पडून मत दिले असते, तर काड्यांची गरजच उरली नसती.

पालकांसाठी एक गोष्ट सांगून लेख पुरा करतो. आपल्यापैकी काहींची मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी इंग्लंडात असतील. भारत राष्ट्रकुलाचा घटक असल्यामुळे तेथे रीतसर राहणाऱ्या प्रौढ भारतीय नागरिकास स्थानिक निवडणुकीत मत देता येते. मात्र मतदारांच्या यादीत नाव नोंदविणे हे ज्याचे त्याने करावयाचे असते. पुढील पत्रात त्यांस याची आठवण द्यावी. आणि मैदानावर राहिलेल्या त्या पाच जणांस आमचे एवढेच सांगणे आहे की, पुढल्या निवडीच्या दिवशी खेळ दहा मिनिटे उशिरा सुरू झाला तरी चालेल.