लगामाशिवाय घोडा कसा चालतो?

गाणगापूरला अमरजा भीमेला मिळते. याच भीमेच्या खोऱ्यात, वरच्या अंगाला पुणे, अहिल्यानगर, सोलापूरच्या माळांवर भीमथडी घोडा वाढला. मराठ्यांच्या फौजेतला हा काटक, लहान चणीचा घोडा आज टिकून आहे तो मुख्यतः धनगरांमुळे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली आहे. मेंढरांमागे वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तळ, हलतो तेव्हा पाल, भांडीकुंडी, कोंबड्या, कोकरं असा सगळा संसार त्याच्या पाठीवर असतो. एवढं ओझं घेऊन तो दोरीच्या साध्या म्होरकीवरही शिस्तीत चालतो.

हे कसं साधतं, ते कळण्यासाठी आधी लगामाचं काम पाहू. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते. लगामाची लोखंडी कडी तिथे, जिभेवर बसते. ओढली की दाब येतो. पण घोडा शिकतो तो दाबातून नव्हे, दाब सुटण्यातून. ‘थांबलो आणि दाब गेला’, एवढंच तो लक्षात ठेवतो. हा नियम तोंडापुरता नाही. अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरवून तो ती उडवतो. अशा जनावराला स्वाराची मांड जराशी हललेलीही जाणवते.

सुरुवात जमिनीवरून करावी. म्होरकीची नाकपट्टी गालाच्या हाडाच्या थोडी खाली असावी. ती नाकपुड्यांकडे घसरू देऊ नये. तिथे नाकाचं हाड पातळ होत जातं, आणि झटका दिला तर दोरीही इजा करते. दोराने मागे हलका दाब द्यावा. घोड्याने वजन मागे घेतलं की त्याच क्षणी दोर सैल सोडावा. सोडायला उशीर झाला, तर आपलं काय बरोबर होतं हे त्याला कळत नाही.

मग लगाम ठेवूनच पाठीवर बसावं. थांबायचं तर आधी श्वास सोडून मांड स्थिर करावी, मग शब्द द्यावा, आणि अगदी शेवटी लगाम. वळायचं तर आधी नजर आणि खांदे वळवावेत, मग बाहेरची पोटरी हलकेच अंगाला लावावी. क्रम रोज तोच ठेवला की घोडा पहिल्याच खुणेला उत्तर देऊ लागतो. त्यानंतर मानेत सैल दोर घालून त्याच खुणा कुंपणाच्या आत पक्क्या कराव्यात.

उत्तर आफ्रिकेतले नुमिदियन स्वार प्राचीन काळी असेच लगामाविना लढत. इ.स. 113 मध्ये उभारलेल्या रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभावर उत्तर आफ्रिकेतलेच मूर स्वार तसेच कोरलेले आहेत.

खोगिराचा हिशेब मात्र वेगळा आहे. चांगलं खोगीर स्वाराचं वजन पाठीवर पसरवतं. उघड्या पाठीवर ते बैठकीच्या दोन हाडांखाली एकवटतं. म्हणून लांबच्या वाटेला खोगीर असावंच. गाणगापूरच्या पौर्णिमेसारख्या गर्दीत किंवा वाहत्या रस्त्यावर लगाम काढू नये. बुजलेल्या घोड्याला आवरायला तो हाताशी हवा. लगाम उतरवायची वेळ एकच: तो हातात असूनही ओढावा लागत नाही तेव्हा.