एकाच पेढीवर दोन पहारेकरी

महिन्याची १९ तारीख होती. सांगलीतील आमच्या नात्यातल्या एका हळदीच्या अडत पेढीवर त्या दिवशी सर्वांचे चेहरे उतरलेले होते. दुसऱ्या दिवशी जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची अखेरची मुदत होती आणि पेढीवरचा संगणक हलावयास तयार नव्हता. हिशेबाची फाइल उघडावी तर पडदा गोठून जाई; एक नोंद करावी तर मिनिटभर वाट पाहावी लागे. "व्हायरस शिरला असणार," असे काकांनी ठरवूनच टाकले होते. तपासून पाहिले तेव्हा व्हायरस एकही सापडला नाही. सापडले ते दोन अँटिव्हायरस. एक संगणक घेताना विक्रेत्याने घालून दिलेला, तर दुसरा धाकट्या चिरंजीवांनी वर्षभराची वर्गणी भरून आणलेला.

"तिजोरीला दोन कुलपे असतात, मग संगणकाला दोन पहारेकरी का नसावेत?" काकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. अनेक घरांत आणि दुकानांत तो असाच विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर जरा तपशिलाने पाहू.

कुलूप आपल्या जागी स्वस्थ असते. एक कुलूप दुसऱ्याच्या कामात हात घालत नाही. अँटिव्हायरसचे तसे नाही. तो विंडोजच्या गाभ्याजवळ बसतो. कोणतीही फाइल उघडली वा लिहिली जात असताना तिला क्षणभर थांबवतो, तपासतो आणि मगच पुढे सोडतो. यालाच 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' म्हणतात. असे दोन पहारेकरी एकाच दारात उभे राहिले की प्रत्येक फाइलची झडती दोनदा होते. इतकेच नव्हे, तर पहिल्याने तपासणीसाठी फाइल उघडली की ते उघडणेही दुसऱ्याला संशयास्पद वाटू शकते. कधी दोघे एकमेकांची वाट पाहत थांबतात आणि संगणक गोठतो. हिशेबाचे सॉफ्टवेअर आपल्या फाइलींत सतत लहानमोठ्या नोंदी लिहीत असते. त्यामुळे हा भार पेढीवर प्रथम तेथेच जाणवतो.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. व्हायरस ओळखण्यासाठी अँटिव्हायरसजवळ त्यांच्या खुणांचा साठा असतो आणि पकडलेल्या फाइली तो विलगीकरणात ठेवतो. दुसऱ्या अँटिव्हायरसला नेमका तो साठा वा त्या फाइली धोकादायक वाटू शकतात. मग खोट्या इशाऱ्यांचा भडिमार सुरू होतो. रोज इशारे पाहून माणूस कंटाळतो आणि न वाचताच ते बंद करू लागतो. अशा वेळी खरा इशारा आला तरी त्याकडे दुर्लक्ष होते. दुप्पट पहारा ठेवून पेढी अधिक असुरक्षित होते ती अशी.

गाभ्याजवळ बसणाऱ्या सॉफ्टवेअरची एक चूक किती महागात पडते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. आपल्याकडील विमानतळांवरही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. यावरून अँटिव्हायरसच नको, असा अर्थ कोणी काढू नये. मात्र इतका अधिकार असलेला पहारेकरी एकच असावा, आणि तो पारखून घेतलेला असावा.

विंडोज १० व ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर मुळातच असतो. दुसरा अँटिव्हायरस रीतसर बसवला की सर्वसाधारणपणे डिफेंडर आपला सततचा पहारा स्वतःहून थांबवतो. म्हणजे खुद्द विंडोजची रचनाही 'एका वेळी एक' याच तत्त्वावर आहे. सध्या कोणाचा पहारा चालू आहे, हे 'विंडोज सिक्युरिटी'मधील 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' या पानावर दिसते.

दुसरे मत मात्र अवश्य घ्यावे. आपण दोन डॉक्टरांना विचारतो, पण दोघांची औषधे एकदम घेत नाही. मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनरसारखी साधने मागणी केल्यावरच तपासणी करतात, सतत पहारा देत नाहीत. म्हणून ती भांडणेही लावत नाहीत. एखादीच फाइल संशयास्पद असेल तर व्हायरसटोटल या संकेतस्थळावर ती अनेक अँटिव्हायरसांकडून एकदम तपासता येते. परंतु तेथे दिलेली फाइल इतरांच्या हाती जाऊ शकते. तेव्हा हिशेबाची वा ग्राहकांची कागदपत्रे तेथे कदापि टाकू नयेत.

त्या रात्री पेढीवर आम्ही प्रथम हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. मग एक अँटिव्हायरस ठेवून दुसरा 'अनइन्स्टॉल' केला. त्याचे काही अवशेष उरलेच होते. त्याच्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील सफाईचे साधन वापरून ते काढले आणि संगणक पुन्हा सुरू केला. फाइल पूर्वीसारखी झटकन उघडली. विवरणपत्र वेळेत गेले.

निघताना सहज विचारले, "आज पेनड्राइव्हवर घेतली, तशी हिशेबाची प्रत एरवी कोठे ठेवता?" दिवाणजी म्हणाले, "याच संगणकात, दुसऱ्या फोल्डरात." सात वर्षांचा हिशेब एकाच डिस्कवर होता! दोन अँटिव्हायरसांपेक्षा मोठा धोका हा होता. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरातील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. ज्या त्रुटीतून तो शिरत होता, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेले होते. ते वेळेवर घेतलेल्यांना त्या वाटेचे भय नव्हते. स्वतंत्र प्रत असलेल्यांना खंडणीचा विचार करावा लागला नाही.

म्हणून वाचकहो, दुसऱ्या अँटिव्हायरसच्या वर्गणीचे पैसे एका बाहेरील हार्ड डिस्ककडे वळवावेत. रोज संध्याकाळी प्रत घ्यावी, काम होताच डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर खंडणीखोर तिलाही सोडत नाही. आणखी एक प्रत पेढीबाहेर, घरी असावी. आपल्या वडीलधाऱ्यांनी रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या ठेवल्या. एकीतील नोंद दुसरीत सापडे. काकांना ही तुलना लगेच पटली. आता सांगलीच्या पेढीवर दिवे मालवण्यापूर्वी दिवाणजी डिस्क काढतात आणि काका ती किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर घरी नेतात.