सगळ्या लसी झाल्या, फ्लूचे काय?

पावसाची झड लागली की घरोघरी शिंका आणि खोकला सुरू होतो. मोठ्यांचा फ्लू बहुधा आठवड्यात उतरतो. पण तोच फ्लू घरातल्या दहा महिन्यांच्या बाळाला झाला, तर त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो.

"बाळाच्या सगळ्या लसी झाल्यात, मग भीती कशाची?" असे पालक विचारतात. येथेच गैरसमज होतो. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीत 'हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी' या रोगजंतूविरुद्धचा भाग असतो. नाव इन्फ्लुएन्झाचे असले तरी हा जिवाणू आहे, फ्लूचा विषाणू नव्हे. १८९२ साली जर्मन शास्त्रज्ञ फायफर यांनी या जिवाणूलाच फ्लूचे कारण मानले. माणसातील फ्लूचा खरा विषाणू १९३३ मध्ये सापडला, पण जुने नाव तसेच राहिले. पेंटाव्हॅलंट आवश्यकच आहे. मात्र ती फ्लू रोखत नाही.

फ्लूची लस वेगळी असते. बालकांच्या सरकारी नियमित लसीकरणात ती नाही. खासगी डॉक्टरांकडे विकत घ्यावी लागते. सहा महिने ते पाच वर्षांच्या सर्व बालकांना ती दरवर्षी द्यावी, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दरवर्षी एक. विषाणू रूप बदलत असल्याने लसही बदलावी लागते.

आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो. लसीचा परिणाम दिसण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मेमध्येच डोस पूर्ण करावेत. मंठा, परतूर, भोकरदनकडून जालन्याला यावे लागत असेल, तर दुसऱ्या डोसची तारीख कार्डावर लिहून घ्यावी. लसीमुळे साधी सर्दी टळत नाही. पण फ्लू गंभीर होण्याचा धोका कमी होतो.

सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही. त्याचे रक्षण आईने करायचे. गरोदरपणी आईने लस घेतल्यास बाळालाही संरक्षण मिळते. सरकारी रुग्णालयात त्याची चौकशी करावी. आईला सर्दी झाली तरी अंगावरचे दूध थांबवू नये. तोंडाला रुमाल बांधून, हात धुऊन पाजावे. खोकणाऱ्या पाहुण्यांनी बाळाचा मुका घेऊ नये.

तापात मुलाला अॅस्पिरिन कधीही देऊ नये. श्वास जोरात चालणे, छाती आत ओढली जाणे, दूध न पिणे, गुंगी किंवा झटके यांपैकी काहीही दिसले, तर उद्यावर ढकलू नका. बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्या.